नमुन्याला दिलेली लडी

पिशवीतून आवाज येतोय म्हणून दचकू नका. पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी आहे, चिकटपट्टीवर शिक्का आहे, शिक्क्यावर कुणाची तरी सही आहे आणि आत मी आहे. सुताची लडी. अर्धी काळी, अर्धी पांढरी. लांबून बघाल तर नुसती करडी, म्हातारीच्या वेणीसारखी.

माझ्यावरून दोन वकील भांडले. टेबलं आपटली, घसे सुकले, पाण्याचे जग रिकामे झाले. भांडण काय, तर मला बनवायचा हक्क एकट्या वहिनीचा, की वाटेल त्याचा? आणि एवढं सगळं झालं, पण मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मुकी बिचारी, कुणीही हाका! म्हणून आता मीच सांगते. बसा जरा. चिडून बोलले तर मनावर घेऊ नका, चिडायला कारण आहे.

माझी कुळं दोन. काळं कूळ कार्बनचं. केसाहून बारीक, पण ताठा असा की काही विचारू नका. सरळ ओढलंत तर लोखंडाला हार जाणार नाही. जरा कोपऱ्यावरून वाकवलंत की कट्! मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं तुमच्याही घरात असतील एखाद-दुसरी. ह्या घराण्यात सगळेच तसले. पांढरं कूळ प्लास्टिकचं. मऊ, मिळतंजुळतं घेणारं, आणि तापवलं की पाणी पाणी होणारं.

हे दोघे एकमेकांत नीट मिसळले, म्हणजे काळ्याच्या प्रत्येक केसाशेजारी पांढऱ्याचा केस आला, की मग गंमत. साच्यात घालून तापवायचं, दाबायचं. पांढरा वितळतो आणि काळ्याला चहूबाजूंनी धरून बसतो. थंड झालं की अशी फळी तयार होते, की उचलायला हलकी आणि मोडायला अवघड. त्याची सायकल करा, कुबडी करा, होडी करा. पण मिसळण कच्ची राहिली, तर एकीकडे नुसतं प्लास्टिक साचतं आणि दुसरीकडे काळा कोरडाच राहतो. तिथूनच ती वस्तू फुटते. सगळं मर्म मिसळण्यात.

आणि तेच कुणाला जमत नव्हतं.

वहिनीचा सुताचा छोटा कारखाना होता. म्हणजे घराच्या मागची पत्र्याची शेड, पुढे टायरचं दुकान. वहिनी ही तिच्या दिराची वहिनी. पण दिवसभर तो “वहिनी, वहिनी” करायचा म्हणून कामावरच्या बायकाही तिला वहिनी म्हणायच्या, टायरवालाही वहिनी म्हणायचा, पोस्टमनसुद्धा. तिचा नवराच काय तो म्हणत नसे, आणि तोही बाहेरगावी ट्रकवर. यंत्रं सांभाळायचा तो दीर. तिच्या तोंडी तो भाऊजी. हाताचा हुशार, डोक्याचा तापट.

दोन्ही धागे मिसळायचे म्हणून भाऊजींनी वारा मारायचं यंत्र आणलं. सगळे तसंच करतात म्हणे. जोराचा वारा सोडायचा, धाग्यांचे केस फुलतात, एकमेकांत शिरतात. पांढरा फुलला बिचारा. काळा? तो वाऱ्याने तडातडा तुटला. शेडभर काळी कुसं उडाली. बायकांच्या हातांना खाज, मानेला खाज, भाऊजी तर अंग खाजवत भिंतीला पाठ घासायला लागले. आणि कार्बनमधून वीज जाते बरं का! कुसं उडून बसली बटणांच्या फळीत. एकदम फट्! आवाज झाला आणि शेड काळीकुट्ट. टायरवाल्याकडचाही पंखा बंद.

“अहो भाऊजी,” अंधारातून वहिनी म्हणाली, “रागीट माणसाच्या तोंडावर कुणी फुंकर मारतं का? त्याला वारा नका घालू.”

“मग काय आरती ओवाळू त्याला?”

“ओवाळा, पण आधी दिवा लावा.”

मिसळायची युक्ती मिळाली ती न्हाणीघरात. वहिनीची लेक बाळंतपणाला आली होती. पोट एवढं पुढे, की स्वतःचे केस धुवायला वाकता येईना. वहिनीने तिला पाटावर बसवलं, केस मागे टबात सोडले. लांबसडक केस पाण्यात कसे पसरले, एकेक सुटा. आणि वर काढले तसे सगळे एकमेकांना चिकटून एक झाले. वहिनी हातात केस धरून तशीच बसली.

“आई, पाणी गार होतंय गं,” लेक म्हणाली.

“होऊ दे. जरा बघू दे मला.”

“माझे केस पहिल्यांदा बघतेयस का?”

वहिनीने ते केस तीनदा पाण्यात सोडले आणि तीनदा वर काढले. लेकीला थंडी वाजली, तिने आईला दोन शब्द सुनावले, पण माझा जन्म तिथेच ठरला. वारा नाही, पाणी. उथळ ट्रेमध्ये पाणी, पाण्यात गुळगुळीत गोल दांडे. एकीकडून काळा, दुसरीकडून पांढरा, दोघांना दांड्यांवरून सावकाश पसरत न्यायचं, पाण्यातच एकमेकांवर घालायचं आणि अलगद बाहेर काढायचं. पाणीच त्यांना जवळ ओढतं. घाई केली की काळा तुटतो. वहिनी यंत्रापाशी उभी राहून म्हणायची, “सावकाश, बाळा, सावकाश,” आणि भाऊजींना कळेना, हे त्यांना म्हणते की धाग्याला.

बऱ्याच लड्या बिघडल्या. कुठे पांढऱ्याचा गठ्ठा, कुठे काळ्याची झिपरी. मग मी झाले. वहिनीने माझा केस चिमटीत धरून उजेडात नेला, बोटांनी फुलवला. काळा, पांढरा, काळा, पांढरा. कुठे खाडा नाही. तिने मला गोल गुंडाळलं आणि बांधलं. ती डावखुरी. तिची गाठ डावीकडून येते आणि गाठीची शेपटी ती आत खोचते, वेणीचं टोक खोचावं तशी. बाकीच्या बायका बाहेर ठेवतात.

आता ऐका. माझं नशीब कुठे फिरलं ते.

सुताच्या धंद्यात एक रीत आहे. दारात आलेल्याने नमुना मागितला, तर नाही म्हणायचं नाही. तो घेईल न घेईल, पुन्हा तोंड दाखवेल न दाखवेल, लडी बांधून द्यायची. वहिनीच्या सासूने तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की नमुना म्हणजे विक्री नव्हे आणि दानही नव्हे, ते नुसतं नमस्काराला नमस्कार करणं. त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. कुणाला दिला ते कुणी लक्षातही ठेवत नाही.

मी झाले त्याच दिवशी एका मोठ्या कारखान्याचा खरेदीवाला आला. जाड चष्मा, म्हणून मी त्याला चष्मेवालाच म्हणते. आला होता साध्या सुतासाठी. ट्रे पाहून थबकला.

“हे काय नवीन?”

“काळ्या-पांढऱ्याचं लग्न लावलंय,” वहिनी म्हणाली.

“टिकतंय का?”

“बघा की तापवून.”

तेवढ्यात आतून लेकीने हाक मारली, ती हाक वेगळीच होती. वहिनीचा एक पाय दारात, एक पाय आत. चष्मेवाला म्हणाला, “घाईत दिसताय. एखादा नमुना मिळाला असता तर...” आणि तिने काय करावं? जवळ मीच होते. मलाच उचललं आणि त्याच्या हातावर ठेवलं. “न्या, न्या. मला दवाखान्यात पळायचंय.” पैसे नाहीत, कागद नाही, ‘कुणाला दाखवू नका’ असा एक शब्द नाही. ती रिक्षाकडे पळाली आणि मी चष्मेवाल्याच्या खिशात.

पुढची बरीच वर्षं मी त्याच्या टेबलाच्या खणात काढली. सोबतीला न चालणारी पेनं, रबरबँडं आणि खोकल्याच्या गोळ्या. आल्या आल्या त्याने माझा एक तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवला. तो तुकडा तापवला, दाबला, फळी झाली. फळी चांगली निघाली असं कानावर आलं. मला त्या तुकड्याचा हेवा वाटतो. त्याच्या जन्माचं सार्थक झालं. आम्ही वितळलो तरच आम्हाला अर्थ. मी मात्र खणात, खोकल्याच्या गोळीचा वास घेत.

मधल्या काळात इकडे काय झालं, ते मला सुनावणीत कळलं. तिथे सगळ्यांचं सगळं निघतं.

चष्मेवाल्याने पुढे काही कळवलंच नाही. पण वहिनीला दुसरी गिऱ्हाइकं मिळायची चिन्हं दिसू लागली आणि कुणीतरी सांगितलं, की वहिनी, ह्याचं पेटंट घ्या, नाहीतर मोठे लोक उचलून नेतील. ती वकिलाकडे गेली. वकील तरुण, कामसू. त्याने विचारलं, “हे सूत कुणाला विकलंय का आजवर? कुठे छापून आलंय?” वहिनी म्हणाली, “छे! विकायला आता कुठे लागणार.” खोटं नव्हतंच ते. नमुन्याचं तिच्या मनातही आलं नाही. माणूस पाहुण्याला पाणी देतो, ते काय कुणी विचारल्यावर सांगतं?

अर्ज झाला. अर्जात सगळी कृती लिहावी लागली. पाणी केवढं, दांडे कसे, वेग किती. भाऊजी कुरकुरले, “अहो, सगळंच सांगायचं?” वकील म्हणाला, “कृती जगाला सांगायची, त्याच्या बदल्यात काही वर्षं हक्क तुमच्या एकट्याचा. सौदा असाच असतो.” पेटंट मिळालं. वहिनीने ते चौकटीत घालून शेडमध्ये लावलं, आणि त्यावर ओल्या हाताचे डाग पडू नयेत म्हणून बायकांना त्या भिंतीकडे फिरकू देत नसे.

मग एक दिवस तसंच सूत बाजारात आलं. रिळंच्या रिळं. मोठ्या कारखान्याचं.

वकिलाने नोटीस धाडली. मोठ्या कारखान्याने उलट अर्ज केला, की वहिनीचं पेटंटच रद्द करा. आणि चष्मेवाल्याने खण उघडला.

सुनावणीची खोली लांबट होती. खिडकीला निळे पडदे, मधे टेबल, टोकाला निवाडा देणाऱ्या मॅडम. मी टेबलावर, पण फाइलीखाली झाकलेली. पहिल्या दिवशी आमचीच सरशी होती. समोरचे वकील म्हणाले, “दोन धागे एकत्र केले, ह्यात शोध कसला? घरोघरी बायका वेणी घालतात.”

वहिनी भाऊजींच्या कानात म्हणाली, “ह्यांच्या डोक्यावर केस नाहीत, म्हणून सोपं वाटतंय.”

मॅडमनी ऐकलं असावं, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग आमच्या वकिलाने वाऱ्याने तुटलेलं सूत दाखवलं, वहिनीचं सूत दाखवलं, भिंगातून बघायला लावलं. सगळ्यांनी पाळीपाळीने वाकून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “फरक स्पष्ट आहे.” मी फाइलीखाली अशी हरखले म्हणून सांगू! म्हटलं, जिंकली गं बाई माझी वहिनी.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वकिलांनी फाइल उचलली, पिशवी पुढे सरकवली आणि गोड आवाजात विचारलं, “बाई, ही लडी तुम्ही ओळखता?”

आमच्या वकिलाने मान हलवली. अगदी जराशी, पण मला दिसली. नको म्हणत होता. वहिनी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“अगं बाई!” ती म्हणाली. “ही इथे कशी?”

“म्हणजे तुमची आहे?”

“माझीच की! गाठ बघा ना, डावीकडून आलीय, शेपटी आत खोचलीय. असं दुसरं कोण बांधतंय?” आणि पिशवीवरून हात फिरवत म्हणाली, “पहिली जमलेली हीच. कुठे होतीस गं इतके दिवस?”

काय सांगू मला काय झालं! इतक्या वर्षांनी तो हात, मधे फक्त प्लास्टिक. आणि त्याच वेळी आत कुठेतरी कळत होतं, की गप्प बस बाई, गप्प बस. पण मी ओरडणार कशी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“ही तुम्ही आमच्या माणसाला केव्हा दिलीत?”

वहिनीची आठवण म्हणजे खिळा. “हे चष्मेवाले साहेब आले त्या दिवशी. माझ्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. आठवतंय ना हो साहेब? रिक्षा मिळेना, तुम्हीच थांबवलीत.”

चष्मेवाल्याने मान खाली घातली. “हो,” तो म्हणाला. “आठवतंय.”

“देताना कुणाला दाखवू नका, गुप्त ठेवा, असं काही म्हणालात?”

“अहो, नमुना दाखवायलाच देतात ना! झाकून ठेवायचा तर कशाला द्यायचा?”

“आणि पेटंटचा अर्ज केलात, तेव्हा त्या दिवशी झालेलं नातवंड केवढं होतं?”

“चालत होती की! मी सही करत होते, तर टेबलाखाली शिरून ह्या वकिलांच्या बुटाची नाडी सोडत बसली होती.”

सगळे हसले. मॅडम हसल्या, लिहून घेणारा हसला, वहिनी स्वतः हसली. आमचा वकील तेवढा हसला नाही. त्या हसण्यातच पेटंट मेलं, आणि वहिनीला कळलंसुद्धा नाही. कायदा असा, की अर्जाच्या आधी वस्तू उघडपणे दुसऱ्याच्या हातात गेली, तर ती नवी राहत नाही. मग ती तुम्ही केलेली असो, तुमच्या लेकीच्या केसांतून सुचलेली असो.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. ह्यांनी माझ्यावरून थेट तळ गाठला. आणि मी कोण, तर कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ.

निकालाच्या दिवशी मॅडमनी वाचून दाखवलं. शोध खरा आहे, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनीच लावला, असंही लिहिलं होतं. आणि शेवटी, पेटंट रद्द. मला सांगा, ही कुठली रीत? लेकरू तुझं आहे असं सगळ्यांनी मान्य करायचं, आणि म्हणूनच ते तुझं नाही म्हणायचं! कृती आधीच अर्जात लिहून जगाला सांगून झालेली, हक्कही गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

शिपाई मला घेऊन बाहेर आला, तेव्हा ते तिघे जिन्यापाशी उभे होते. शिपाई तिथेच कुणाशीतरी बोलत रेंगाळला, म्हणून मला ऐकू आलं.

“वहिनी, ओळखत नाही म्हणायचं होतं!” भाऊजींचा आवाज चिरका झाला होता. “तीन शब्द! ‘मला आठवत नाही.’ एवढं तर लहान पोरंसुद्धा म्हणतात.”

“आठवत होतं ना पण.”

“आता त्यांची रिळं आपल्या निम्म्या भावात येणार. आपल्या बायकांनी कुठे जायचं? मी काय करू त्या ट्रेचं, मासे पाळू?”

वहिनी म्हणाली, “भाऊजी, तुमची पोर हरवली आणि कुणी समोर आणून उभी केली, तर तुम्ही काय म्हणाल? ओळखत नाही?”

“ती पोर नाही वहिनी, सूत आहे सूत!”

“तुमच्यासाठी.”

वकील मधे पडला. अजून एक वाट आहे, म्हणाला. वरच्या ठिकाणी दाद मागता येते. “तिथे पुन्हा तपासायला लावू. लडी पुन्हा समोर ठेवतील. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की अशी गाठ आमच्या शेडमध्ये कुणीही मारतं, ही कधीची ते खात्रीने सांगता येत नाही. बस्स.”

“पण कुणीही नाही ना मारत.”

“वहिनी!” भाऊजी ओरडले.

“ओरडू नका, लोक बघतात.” तिने पदर सारखा केला. “बघू. समोर आली की बघू.”

तेवढ्यात शिपायाचं बोलणं संपलं.

आता मी ह्या कपाटात आहे. माझ्या शेजारी एक बुटाचा तळवा आहे, त्याच्यावरही म्हणे दोन कंपन्या भांडतायत. वरच्या फळीवर नळाची एक तोटी आहे, तिला सारखं वाटतं आपण गळतोय. भट्टीत वितळायची ओढ कुणालाच माहीत नाही. मी सांगायला गेले, तर तळवा म्हणाला, “आजीबाई, झोपा.” झोप कसली लागतेय!

रोज मनात भांडते. कधी त्या कायद्याशी, कधी चष्मेवाल्याशी. त्याने चोरी केली असती तर मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या, तोही नीट वाईट निघाला नाही मेला. कधी त्या वकिलाशी भांडते, की बाबा रे, विकलंय का विचारलंस, तसं कुणाला नुसतं दिलंय का हेही विचारायचं होतंस. आणि सगळ्यात जास्त भांडते ती वहिनीशी.

वरची सुनावणी ठरलीय. शिपाई परवा माझी पिशवी काढून सही करून गेला. पुन्हा ते लांबट टेबल, पुन्हा गोड आवाज, पुन्हा “बाई, ही ओळखता?”

वहिनी, ऐकतेस का? मी तुझीच. पहिली जमलेली. दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, मला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे. शेडमध्ये बायका बसल्यात, भाऊजी बसलेत, त्यांच्याकडे बघ. माझ्याकडे बघू नकोस. पडद्याकडे बघ, मॅडमच्या चष्म्याकडे बघ, छताकडे बघ. माझ्यावरून हात फिरवू नकोस. मी तुझ्या पाया पडते, ह्या वेळी मला ओळखू नकोस गं.

आणि तू ओळखणार. मेले, मला माहीत आहे, तू ओळखणारच.